साहेबाचं रान

इंग्लंडात मुलीकडे गेलेल्या मराठी आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी लंडन, म्हणजे पूल, घड्याळ आणि राणीचा वाडा (आता राजाचा, पण तोंडाची सवय जात नाही). मग बर्मिंगहॅमजवळचा बालाजी. तोवर जावयाची रजा संपते, आणि मग आईबापांना निसर्ग दाखवायला सुरुवात होते, कारण निसर्गाला बहुधा तिकीट नसतं.

आमच्या बाबतीत यात एक धोका होता. हे वनखात्यातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालेत. मेळघाट, चंद्रपूर, शेवटी चिपळूण. "बाबा, उद्या तुम्हाला जंगल दाखवते" हे वाक्य ज्या घरात चुकूनही बोलू नये, त्याच घरात आमची मुलगी लहानाची मोठी झाली. तरी बोलली.

ह्यांनी चष्मा काढला. "क्षेत्र किती? मुख्य प्रजाती कोणत्या? वाघ नसणार, ते ठीक. बिबट्या?"

"नाही."

"अस्वल?"

"नाही हो बाबा."

"लांडगा तरी?"

"होते. पाचशे वर्षांपूर्वी संपले."

"साप?"

"विषारी एकच, ॲडर. तो दिसला तर लोक आपलं नशीब समजून फोटो काढतात."

"मग तुमच्या जंगलात भ्यायचं कशाला?"

मुलगी थोडा वेळ खरंच विचारात पडली. मग म्हणाली, "टिक्सना."

टिक म्हणजे गोचीड. ती चावली तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून पँटचे पाय मोज्यांत खोचायचे असतात. ज्या माणसाने मेळघाटात मचाणावर रात्रीच्या रात्री काढल्या, तो सकाळी सोफ्यावर वाकून गोचिडीच्या भीतीने पँट मोज्यांत खोचत होता. मी एक शब्द बोलले नाही. फोटो तेवढा काढून मोठ्या जाऊबाईंना पाठवला.

मुलगी केंब्रिजजवळ राहते. तिथून पूर्वेला तासाभरात सफोक परगण्यातलं बरी सेंट एडमंड्स लागतं आणि त्याच्या जवळच ब्रॅडफील्ड वूड्स. सफोकच्या वन्यजीव संस्थेच्या ताब्यातलं हे पानगळीचं रान. ओक, ॲश, बर्च, हेझल. गप्पा मारत चाललं तरी दुपारच्या जेवणाआधी पालथं घालून होईल एवढंच. चंद्रपुरात एवढ्या क्षेत्राला ह्यांनी 'तुकडा' म्हटलं असतं. तसं ते म्हणालेही. गाडीतून उतरायच्या आधीच.

फाटकापाशी फलक होता. कुत्रा बांधून न्या, वाट सोडू नका, फाटक लावा. ह्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "चौकीदार कुठे बसतो?"

"चौकीदार नाहीये."

"मग हे ऐकतो कोण?"

तेवढ्यात आतून एक गृहस्थ आले. कुत्रा दोरीला. त्यांनी फाटक लावलं, चार पावलं गेले, परत आले, फाटक नीट लागलंय ना ते हलवून बघितलं आणि गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे हे किती तरी वेळ बघत राहिले. नोकरीत असा एक जरी माणूस बीटमध्ये भेटला असता, तर ह्यांचा रक्तदाब आज वेगळा असता.

आत शिरलो आणि चिखलात शिरलो. सफोकची ही चिकणमाती हिमयुगात बर्फाने वाहून आणून इथे टाकलेली. तेव्हापासून ती वाळलेली नसावी, असं माझं मत झालं. माझ्या पायात मुलीचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, ह्यांच्या पायात शेजाऱ्याचे, दोन नंबर मोठे. पाय पुढे जायचा, बूट मागे राहायचा. 'चिखलात पाय घट्ट रोवा' हा सल्ला देणाऱ्या जावयाच्या पायात स्वतःचे, मापाचे बूट होते.

या देशातली माणसं रस्त्यावर एकमेकांकडे बघत नाहीत. आमच्या मुलीला तिच्या समोरच्या घरात कोण राहतं ते तीन वर्षांत कळलेलं नाही. पण तोच माणूस झाडीत शिरला की त्याला कंठ फुटतो. जो भेटेल तो 'लव्हली डे' म्हणतो. वरून पाऊस भुरभुरत असतो. यावर आपणही 'लव्हली' म्हणायचं आणि पुढे जायचं, एवढाच तो व्यवहार. ह्यांना मात्र विचारलेल्या गोष्टीला खरं उत्तर द्यायची खात्यातली सवय. हे थांबून, आकाशाकडे बघून म्हणाले, "नॉट व्हेरी. क्लाउडी." समोरच्या बाई एकदम गोंधळल्या. त्यांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं. शेवटी त्या त्यांच्या कुत्र्याशी बोलायला लागल्या. कुत्र्याशी बोलणं इथे केव्हाही चालतं. दुपारपर्यंत मला निम्म्या कुत्र्यांची नावं पाठ झाली होती. माणूस एकही स्वतःचं नाव सांगत नव्हता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "हे रान 1252 पासून तोडतायत."

हे उभे राहिले. "कोण तोडतंय?"

"सगळेच. तशी नोंदच आहे. तेव्हापासून चालू आहे."

1252. म्हणजे देवगिरीवर यादवांचा कृष्णदेव राज्य करत होता आणि ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून 38 वर्षं होती, तेव्हा इथे बरी सेंट एडमंड्सच्या मठाची मंडळी काठ्या तोडून हिशेब ठेवत होती. मठ पुढे 1539 मध्ये आठव्या हेन्रीने बंद केला. गावात त्याचे नुसते अवशेष उरलेत. काठ्या तोडणं चालू आहे.

पद्धत अशी. हेझलचं झुडूप हिवाळ्यात पार जमिनीलगत कापायचं. उन्हाळ्यात बुंध्यातून धुमारे फुटतात, सरळसोट, बोटाएवढे. सात-आठ-दहा वर्षांनी त्यांच्या मनगटाएवढ्या काठ्या होतात. पुन्हा कापायच्या. ॲशला जरा जास्त वर्षं द्यायची. मधूनमधून ओक तसेच उंच वाढू द्यायचे, घराच्या तुळयांसाठी. रानाचे तुकडे पाडून दर हिवाळ्यात एकेक तुकडा घ्यायचा, म्हणजे सगळं रान एकदम बोडकं होत नाही.

मुलगी हे सगळं सांगत असताना ह्यांचा चेहरा उजळत गेला. "अगं, हे कूप आहे! कूप! कॉपिस विथ रिझर्व्ह!" रबरी बुटांसकट ते कापलेल्या तुकड्याच्या कडेला पोचले. "हा या हिवाळ्यातला. तो पलीकडचा तीनेक वर्षांचा. फुटवा बघ कसा आलाय. आणि हे मधले राखून ठेवलेले. आम्ही कार्य आयोजनेत दुसरं काय लिहायचो?" कूपाभोवती तोडलेल्या फांद्यांचाच गच्च कूड घातला होता, हरणांनी कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून. आमच्या संगमेश्वरकडे याला वई म्हणतात. ती मात्र मी ओळखली आणि तसं सांगितलंही, कारण सगळं श्रेय वनखात्याला जाऊ लागलं होतं.

तिथून पुढे हे पाहुणे राहिले नाहीत. तपासणीला आलेले साहेब झाले. चालीत फरक पडला. मग जावयाला इतिहास ऐकवण्यात आला, तो असा की इंग्रजांनी हिंदुस्थानात वनखातं काढलं 1864 मध्ये, त्याच्यावर प्रमुख नेमला डीट्रिख ब्रँडिस, जर्मन, कारण शास्त्रशुद्ध जंगल सांभाळण्याचं शिक्षण तेव्हा जर्मनीत आणि फ्रान्समध्ये मिळायचं. आणि स्वतःच्या देशात सरकारी वनखातं कधी काढलं? 1919! पहिल्या महायुद्धात लाकडाचे वांधे झाले, देशातलं जंगल पाचेक टक्क्यांवर आलंय हे दिसलं, तेव्हा! "म्हणजे आमचं खातं यांच्यापेक्षा 55 वर्षांनी थोरलं," ह्यांनी निकाल दिला. आज इंग्लंडचं जंगल दहा टक्क्यांच्या आसपास आहे, असं जावई हळूच म्हणाला. "आमच्या महाराष्ट्राचं साडेसोळा," हे म्हणाले. जावई नागपूरचा आहे. तोही महाराष्ट्रातच येतो, हे ह्यांच्या लक्षात आलं नाही.

आता मुलीने आपलं मुख्य आकर्षण काढलं. "हजार वर्षांचं झाड दाखवते."

ह्यांनी कॅमेऱ्याची पट्टी गळ्यात नीट केली. मीही पदर सावरला. हजार वर्षांचं म्हणजे नमस्कार करावा लागणार, असा माझा हिशेब. वाटेत मनात ते झाड वाढतच होतं. पोचलो तर तिथे काठ्या. चिखलात एक मोठं ओबडधोबड शेवाळलेलं कडं, आरपार पंधरा फुटांहून जास्त, आणि त्या कड्यावर उभ्या ॲशच्या काठ्या. मधे पोकळ. त्यात कुठून तरी आलेला पाला.

"झाड कुठाय?" मी विचारलं.

"हेच."

दर वेळी तोडलं की ते बाहेरच्या बाजूने नव्याने फुटतं, मधला भाग कुजून जातो, आणि कडं रुंदावत जातं. अशा कड्यांच्या रुंदीवरून ऑलिव्हर रॅकहॅम या केंब्रिजच्या वनस्पतितज्ज्ञाने त्यांच्या वयाचा अंदाज बांधला. या माणसाने जन्मभर इंग्लंडची जुनी रानं आणि त्यांची जुनी दप्तरं एकत्र वाचली. कुऱ्हाड न लागलेला ॲश दोन-अडीचशे वर्षांत आटपतो. हा सतत तोडला गेला म्हणून हजाराच्या घरात पोचला. मी त्याला नमस्कार केला, पण कुठल्या काठीला करायचा ते कळेना, म्हणून एकंदरीत केला.

ह्यांनी काठ्यांचे शेंडे बघितले आणि ते गप्प झाले. काही शेंडे वाळले होते. 2012 मध्ये या देशात ॲशवर बुरशीचा रोग आढळला. तेव्हापासून गावोगाव ॲश वाळतायत. त्याआधी एल्मवर असाच रोग आला होता, कोट्यवधी झाडं गेली. हे त्या कड्याभोवती एक फेरी मारून आले. "वरिष्ठांना कळवलंय का?" असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते मला दिसलं.

मला या रानात सगळ्यात गंमत वाटली ती ते टिकलं कशामुळे याची. आमच्याकडे देवराई टिकते कारण तिथली काटकी उचलली तर देव कोपतो. इथे देवाच्या माणसांनीच कुऱ्हाड चालवली आणि रान टिकलं, कारण वाल-घेवड्याचे वेल चढवायला लोकांना काठ्या हव्या होत्या. जवळच्या एका गावात तर कारखाना होता. तो या रानातल्या लाकडाचे दंताळ्यांचे दांडे करायचा. रानावर खरं संकट आलं ते काठ्यांची गरज कमी झाल्यावर. 1960 नंतर त्याचा मोठा तुकडा मुळापासून उपटून तिथे शेती केली. उरलेलं 1970 च्या सुमारास निसर्गवाल्यांनी विकत घेऊन वाचवलं, आणि वाचवल्यावर पहिल्यांदा काय केलं? तोडायला घेतलं. हिवाळ्यात पेन्शनीतली मंडळी हौसेने करवती घेऊन येतात म्हणे. फुकट! ह्यांना हा मजुरीचा दर ऐकून दोन मिनिटं बोलवेना.

आणखी एक शिस्त सांगते. जे रान 1600 सालापासून सलग रान आहे, त्यालाच इंग्लंडात 'प्राचीन' हा शिक्का मिळतो. ह्यांनी लगेच विचारलं, "आणि 1601 चं असेल तर?" मुलगी म्हणाली, ते नवीन. ह्यांना हे एकदम पटलं. कटऑफ तारखेवर त्यांची श्रद्धा आहे.

तर आम्ही असे चाललो होतो, आणि डाव्या हाताच्या झाडीतून आवाज आला. भुंकल्यासारखा, खरखरीत, एकच. मग थांबून पुन्हा. ह्यांचा हात माझ्या दंडावर पडला. "हलू नकोस." मी हलले नाही. जावई हलला, त्याला दोन बोटांनी जागेवर बसवण्यात आलं. तो बिचारा चिखलात उकिडवा बसला.

"भेकर," हे पुटपुटले. "अलार्म कॉल आहे. काहीतरी चालत येतंय."

मेळघाटात भेकर असं ओरडलं की गाडीचं इंजिन बंद करतात आणि सगळे श्वास रोखून वाघाची वाट बघतात. आम्हीही रोखला. झाडीत पाचोळा वाजला. पुन्हा आवाज. ह्यांचे डोळे बारीक झाले, वाऱ्याची दिशा बघितली गेली, मला अर्धं पाऊल मागे सरकवलं गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यासाठी हे असे पुढे उभे राहिलेले मी मोजक्या वेळाच बघितलेत, त्यामुळे मला वाघ आला असता तरी चाललं असतं. पाचोळा जवळ आला. झुडूप हललं. आणि वाटेवर पिवळ्या रंगाचा लठ्ठ लॅब्रडॉर आला. त्याच्या मागे त्याची मालकीण. "लव्हली डे," ती म्हणाली.

जावई तसाच उकिडवा बसून म्हणाला, "येस, लव्हली."

पण ह्यांचं चुकलं नव्हतं. ओरडणारं भेकरच होतं. आपलं नव्हे, त्याचा चिनी भाऊ, मुंटजॅक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डच्या ड्यूकच्या वोबर्नमधल्या बागेतून हे प्राणी रानात पसरले आणि आता दक्षिण इंग्लंडात जागोजागी आहेत. कूपाभोवतीची वई त्यांच्याच नावाने घातलेली असते. इथे त्याच्या मागे कोणी लागत नाही; ना वाघ, ना बिबट्या. तरी बिचारं सावध करणं सोडत नाही. "ड्यूटी," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता.

ब्लूबेलबद्दल सांगायला हवं, कारण लोक खरे त्यासाठी येतात. एप्रिलअखेरीला, झाडांवर पानं दाटायच्या आत, खाली जांभळ्या-निळ्या घंटांचा पसारा फुलतो. जगातली जवळजवळ निम्मी ब्लूबेल्स एकट्या ब्रिटनमध्ये आहेत, आणि ती उपटून विकणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. पायाखाली पानं चुरडली तर झाड पुढची कित्येक वर्षं सावरत नाही. कास पठारावरच्या रविवारइतकी गर्दी नव्हती, पण फोटोसाठी वाटेबाहेर टेकलेल्या एका गुडघ्याकडे तीन अनोळखी माणसांनी एकाच वेळी बघितलं. कोणी काही बोललं नाही. गुडघा आपोआप आत आला.

माझं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. जावयाच्या मनगटाला नेटल लागली होती. म्हणजे आपल्या खाजकुयलीची विलायती बहीण, ही मात्र पानांनीच डसते. तो हात झटकत होता. मुलीने वाटेच्या कडेचं एक रुंद पान तोडून त्याच्या हातावर चोळायला दिलं. डॉक म्हणतात त्याला. इथे पोराटोरांना हा उपाय माहीत असतो. मी ते पान हातात घेतलं, उलटं करून बघितलं, देठ बघितला. हा तर चुका! आपल्या आंबटचुक्याच्याच कुळातला, फक्त वाढ गाय खाऊन उरेल इतकी. आजूबाजूला चार वाफे होतील एवढा माजलेला. डाळ, दाणे, लसणाची फोडणी. लसूणही शोधावी लागणार नव्हती. पलीकडे ओलसर जागेत रानलसणीची पानं पसरली होती, हवेलाच फोडणीचा वास होता.

"आई, नाही," मुलगी म्हणाली. मी अजून काही बोललेही नव्हते.

जावयाची खाज त्या पानाने थांबली की नाही ते कळलं नाही. सासूसमोर तो थांबली म्हणाला.

या रानाने ह्यांना अशी काही गोडी लावली की पुढे उन्हाळ्यात हे मुलीच्या गावातल्या स्वयंसेवकांत सामील झाले. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी झाडीचा एक पट्टा आहे. तिथे रविवारी सकाळी ही मंडळी एका परदेशी तणाला उपटायला जमतात. गणपती तोंडावर आले होते. मी डबा घेऊन मागाहून गेले, तर ओढ्याच्या काठाने पुरुषभर उंच, गुलाबी फुलं, लालसर पाणीदार दांडे, दातेरी पानं. मी जागच्या जागी उभी राहिले. तेरडा!

म्हणजे आपला नव्हे, हिमालयातला, अंगापिंडाने थोराड. 1839 मध्ये बागेत शोभेसाठी आणला आणि बाग ओलांडून ओढ्यांच्या काठाने देशभर गेला. एका झाडाला आठशेपर्यंत बिया, आणि शेंग तडकली की त्या सात-सात मीटर उडतात. म्हणून शेंगा धरायच्या आत मुळासकट उपटायचा. वर तोडला तर खालच्या पेरातून परत फुटतो. आलेली मंडळी तो मधेच मोडत होती आणि हळहळत होती. मी डबा खाली ठेवला. कोकणात तेरड्याचीच गौर आणतात, मुळं म्हणजे तिची पावलं, त्यामुळे मूळ तुटलं तर आई घरात घ्यायची नाही. बुडाशी धरायचं, किंचित पीळ द्यायचा, ओढायचं. अख्खं मूळ वर. दुसरं. तिसरं. सत्तरीच्या एक बाई त्या तुकडीच्या प्रमुख होत्या. त्यांनी हातमोजे काढून माझी मुळं सगळ्यांना दाखवली आणि मी कुठे शिकले ते विचारलं. मी म्हटलं, माहेरी.

मग ते पावलांसकट उभे तेरडे हातात असताना, आणि गौरी चार दिवसांवर आलेल्या असताना, मी सहज विचारलं की यातले दोन घरी नेऊ का.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. घरी? हे झाड जागेवरून हलवणं, जवळ बाळगणं, वाढवणं, सगळ्याला इथे कायद्याने बंदी आहे. उपटायचं आणि इथेच ढीग घालून कुजवायचं. त्यांना फार वाईट वाटत होतं, तीनदा सॉरी म्हणाल्या, पण नाही म्हणजे नाही. मुलगी माझ्याकडे बघेना. मी ह्यांच्याकडे बघितलं, की एवढी पेन्शन खाता त्या खात्याची, काही तरी बोला.

हे पुढे झाले. "मॅडमचं बरोबर आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "आमच्याकडेही वनोपज परवान्याशिवाय हलवता येत नाही. भारतीय वन अधिनियम 1927, कलम 41. तुमच्याच लोकांनी लिहिलंय." आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, "ठेव ते खाली. नाहीतर जप्तीचा पंचनामा करावा लागेल, आणि पंच म्हणून जावईबापूंची सही घ्यावी लागेल."

जावई लगेच पेन शोधायला लागला.